मो पॉ पुढे चालणार नाही

हे मृत्युपत्र लिहायला मी आजवर अनेकदा बसलो आणि दर वेळी उठलो, हे आधीच कबूल करतो. पहिल्यांदा पेन्सिलीला टोक नव्हतं. सुरी मागायला गेलो, तर सुरीवाला बांबूचे कोंब सोलत बसलेला. त्याला एकट्याला कसं सोडायचं? मग कोंब सोलले, आणि सोलले म्हटल्यावर शिजेपर्यंत थांबणं आलंच. दुसऱ्यांदा कागदाच्या कोपऱ्यात हत्तीण काढून बघितली. ती इतकी झकास उतरली की तिच्या पायाशी मरणाबिरणाचं लिहायला हात धजेना. त्यानंतर मला अशी शंका आली, की मृत्युपत्र लिहून ठेवलं की मरणाला आमंत्रण गेल्यासारखं होतं. न लिहिलेलं बरं. मरण दारात आलं तर म्हणता येईल, थांबा, कागद तयार नाहीत.

आज सकाळी मात्र कप्तान प्ले वा साहेब माझ्यासमोर येऊन बसले.

"ल्हा के, सगळ्यांचे कागद आले. तुझाच राहिलाय. तिन्हीसांजेला सडक ओलांडायची आहे."

"साहेब, माझ्याकडे द्यायला आहे काय?"

साहेबांनी माझ्या हत्तिणीकडे, मो पॉकडे बोट केलं. "मग ती कोण, तुझी आत्या?"

तेव्हा लिहितो.

मी, सॉ ल्हा के, जमात करेन (सरकारशी लढणारी डोंगरातली माणसं), वय तेवीस (आई चोवीस सांगायची, पण तिला मला लवकर शाळेत घालायची घाई होती), शिक्षण पाचवीच्या अर्ध्यापर्यंत, धर्माने बाप्तिस्मा झालेला आणि आजोबांच्या बाजूने झाडाझुडपांतल्या भुतांनाही मानणारा, धंदा हत्तिणीच्या मागे चालणे, सध्या मुक्काम बांबूच्या बनात, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. आमच्या तुकडीचे कोठीवाले सॉ टे टे यांचं याबाबत वेगळं मत आहे, म्हणून त्यांना साक्षीला घेतलेलं नाही. हे मी कुणाच्या धाकाने लिहीत नाही. कप्तान साहेब समोर बसलेत खरे, पण ते पोटरीच्या जळवा काढतायत.

कलम पहिलं. मो पॉ हत्तीण.

ही माझ्या आजोबांची. सागवानाचे ओंडके ओढण्यात तिची उमर गेली. आजोबा गेले तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, हत्तीण मामाला मिळणार. मामालाही वाटलं, त्याने तर नदीपलीकडच्या लाकूड व्यापाऱ्याशी बोलणीही करून ठेवली होती. पण आजोबांनी शेवटच्या दिवशी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "हत्तीण ल्हा केची. हा एका जागी टिकत नाही, तीही टिकत नाही. दोघं एकमेकांना हुडकत राहतील." मामा त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दोन वेळचं एकदम जेवला.

मी सैन्यात भरती झालो असं लोक समजतात. ते चूक आहे. भरती मो पॉ झाली. तुकडी गावात आली, त्यांना उखळी तोफ आणि तांदूळ वाहायला पाठ हवी होती, मो पॉची पाठ गावात सगळ्यांत रुंद निघाली. मी फक्त तिच्या मागोमाग गेलो, दोन दिवसांत परत येऊ असं घरी सांगून. त्याला आता तीन पावसाळे झाले.

आता मुद्दा. आमच्या तुकडीचा नियम असा आहे: जनावर ज्याचं, तो असेपर्यंत, कप्तानांचा हुकूम सोडला तर, त्याच्याच शब्दाने चालतं. तो गेला आणि मागे कागद नसला, तर जनावर कोठीचं. कोठी म्हणजे टे टे. आणि टे टेंच्या मनात काय आहे ते सगळ्या बनाला माहीत आहे. सडकेच्या दोन्ही अंगांच्या गवतात सुरुंग आहेत. थोडे सरकारी फौजेने पेरलेत, थोडे आपल्याच लोकांनी, आणि कुठे पेरलेत हे आता दोघांनाही आठवत नाही. टे टे म्हणतात, "हत्तीण सगळ्यांच्या पुढे काढा. ती गेली की वाट आपोआप समजेल."

कशी समजेल, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पलीकडे आपली माणसं उपाशी बसलीत. तुला हत्तीण मोठी का माणसं?"

मी म्हणालो, "मापाने हत्तीण."

कप्तान साहेब हसले नाहीत. पलीकडच्या तुकडीत त्यांचा धाकटा भाऊ आहे. त्यामुळे मलाही माझा विनोद मागाहून तेवढा आवडला नाही. म्हणून मी म्हणालो, "साहेब, पुढे मी जातो. लांब बांबू घेतो, गवत टोचत टोचत. माझ्या पावलावर पाऊल टाकून मो पॉ येईल. तिचं पाऊल माझ्या पावलात मावत नाही ते सोडा."

साहेबांनी पोटरीची आणखी एक जळू उपटली. मग म्हणाले, "दुपारचं जेवण झालं की सांगतो, ती का तू. तोवर मृत्युपत्र लिही."

तर मी गेलो, तर मो पॉ माझी बहीण नॉ म्वी हिची. म्वीने तिला कुणाच्याही पुढे चालवू नये, सुरुंगाच्या, ओंडक्याच्या किंवा मिरवणुकीच्या. विकू नये. मामा रडायला लागला तरी विकू नये. तो चांगला रडतो, लहानपणी मी त्याच्याकडूनच शिकलो.

कलम दुसरं. चपला.

टायरच्या आहेत. डावी सरकारी मालमोटारीच्या टायरची, उजवी आपल्या मालमोटारीच्या. चाल सुरू झाली की दोघींचं पटत नाही. उजवी डोंगराकडे ओढते, डावी सडकेकडे, आणि मधे माझ्या टाचा सोलून निघतात. हे देशाचं भांडण माझ्या पायात आलेलं आहे असं मी एकदा म्हणालो, तर टे टेंनी मला पायाचे फोड दाखवत बसू नकोस म्हणून झापलं. या चपला मी टे टे यांनाच देतो. त्यांच्या पायात कदाचित समेट होईल.

कलम तिसरं. चालायची जागा.

चालताना माझी जागा सगळ्यांत शेवटी, मो पॉच्या मागे. लोक नाकं मुरडतात. त्यांना कळत नाही. पुढे चालणाऱ्याला काटे, कोळिष्टकं आणि साप. मधे चालणाऱ्याला पुढच्याचा घाम आणि मागच्याच्या शिव्या. हत्तिणीमागे वाट दाबून सपाट झालेली असते, सावली असते, आणि पंख्यासारखे कान पुढे हलत असतात. उरला शेणाचा प्रश्न, तर नजर खाली ठेवावी, एवढंच.

मात्र या जागेबरोबर एक काम येतं, तेही सांगतो. आमची तुकडी पावलांचे ठसे उमटू नयेत म्हणून ओढ्यातून चालते. माणसं तासन्‌तास पाण्यात पाय कुजवतात, बोलायचं नाही, खोकायचं नाही. आणि मग काठावर चढताना मो पॉ भाताच्या पातेल्याएवढे ठसे उमटवत जाते. ते पुसायचं काम माझं. टे टेंचा हुकूम. मी प्रत्येक ठशात पाला भरतो, वर माती पसरतो, वर थोडी सुकी पानं. आमचे म्हातारे हवालदार सॉ क्वे हे बघत होते. म्हणाले, "पोरा, आता सरकारी फौजेला वाटेल, इथे कुणीतरी ओळीने हंडे पुरून ठेवलेत. खणायला थांबतील. चांगलं आहे, उशीर होईल त्यांना."

ही जागा मी मामाला देतो. तो आयुष्यात कशाच्याच मागे चाललेला नाही.

कलम चौथं. पातेलं.

हवालदार सॉ क्वे यांना. तळाला भोक आहे, ते राळ आणि चुन्याने बुजवलंय. आमटी करावी, कोरडं काही परतू नये. हवालदारांनी मला चालायचं शिकवलं, म्हणजे सैन्यातलं चालणं. भात केळीच्या पानात बांधून कमरेला डाव्या बाजूला ठेवावा, म्हणजे उजवीकडे पडलास तर भात वाचतो. चढावर बोलू नये, उतारावर हसू नये. झोप चालता चालता काढावी, पण मग पुढच्याच्या पिशवीला हात लावून ठेवावा. मी असाच एकदा झोपलो आणि जागा झालो तेव्हा मो पॉची शेपटी धरून चालत होतो. तिने सोडवून घेतली नव्हती.

कलम पाचवं. आंबवलेल्या मासळीचा डबा.

हा सध्या जमिनीत आहे. कप्तान साहेबांनी पुरायला लावला, कारण वारा सडकेकडे वाहत होता आणि सरकारी चौकीला आमचा ठावठिकाणा वासाने लागला असता. मी सांगितलं होतं की चौकीवरची पोरंही हेच खातात, त्यांना वाटेल आपलाच डबा उघडा राहिलाय. ऐकलं नाही. डबा मागच्या मुक्कामी, वाकड्या फणसाच्या मुळाशी आहे. ज्याला सापडेल त्याचा. मीठ जास्त आहे, हिरवी मिरची लागेल.

चौकीवरच्या पोरांचं मला माहीत आहे, कारण ही सडक माझी जुनी ओळखीची आहे. शाळा मी सोडली ती एका होडीमुळे. होडीत सिनेमा दाखवायचं यंत्र होतं, गावोगाव नदीतून फिरायचं. पांढरा पडदा दोरीवर टांगायचा हे माझं काम. एक दिवस पडदा वाऱ्याने नदीत गेला आणि मीही कामावरून गेलो. मग कथलाच्या खाणीत. मग याच सडकेवरच्या बसमधे बर्फाचं सरबत विकायचो. शिपाई बस थांबवायचे, सरबत प्यायचे आणि मला म्हणायचे, "काय रे, यात साखर आहे की नुसता रंग?" मी म्हणायचो, "साहेब, आज रंग गोड आलाय." आज तिन्हीसांजेला तेच शिपाई सडकेवर असतील, आणि मी गवतात बांबू टोचत असेन. सरबत मागितलं तर काय सांगायचं याचा मी विचार करून ठेवलेला नाही.

कलम सहावं. झोळी.

हवाई छत्रीच्या कापडाची, हिरवी. म्वीला. तिच्या बाळाला पाळणा होईल. म्वीने पत्रात विचारलं होतं, तू कधी स्थिर होणार? तिला सांगा, झोळीत मी अगदी स्थिर असायचो, झाडं हलायची.

इथे मला थोडं थांबून सकाळचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कलम समजणार नाही.

मला मो पॉला पुढे जाऊ द्यायची नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही पुढे जायची फार घाई नव्हती. म्हणून पहाट उजळल्यावर मी एक युक्ती केली. आमच्यात असं मानतात की माणसाचा किंवा जनावराचा जीव कधीकधी वाटेत मागे राहतो. भूल पडते, ओढ्याशी रेंगाळतो, सावलीत बसतो. मग त्याला हाक मारून बोलवायचं, पांढरा दोरा बांधायचा आणि तो येईपर्यंत त्या अंगाला प्रवास करायला लावायचा नाही. हे सगळे मानतात. पाद्री न मानल्यासारखं करतात, पण त्यांच्या मनगटालाही दोरा आहे.

मी मो पॉच्या कानाला पांढरा दोरा बांधला आणि मोठ्याने जाहीर केलं, "हिचा जीव मागे राहिलाय. पांढऱ्या खडकाच्या ओढ्याशी. तिथून ती निघायला तयारच नव्हती, सगळ्यांनी पाहिलंय."

टे टे धावत आले. "कुणी सांगितलं तुला जीव राहिलाय म्हणून?"

"काका, तिच्या डोळ्यांत बघा. आत कुणी दिसतंय का?"

"मला तुझ्या डोक्यात कुणी दिसत नाही! दोरा काढ."

"मी नाही काढणार. तुम्ही काढा. जीव परत आला आणि दोरा नसला तर तो तुमच्यात शिरेल. मग तुम्हाला रोज केळीचा खुंट खावा लागेल."

बनातले सगळे गोळा झाले होते. टे टेंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवढ्यात हवालदार क्वे पुढे आले, माझंच पातेलं उचललं, पळीने ठणठण वाजवलं आणि ओढ्याकडे तोंड करून हाक मारली, "ये गं बाई, ये! झाडाखाली बसू नको, पाण्याशी खेळू नको. तुझी पाठ इथे आहे, तुझे पाय इथे आहेत, केळी इथे आहेत. ये!"

हवालदार माझ्या बाजूने बोलले का खरंच बोलावत होते, मला कळलं नाही. हाक संपली तरी पळी त्यांनी खाली ठेवली नाही. या लढाईत त्यांचे दोन मुलगे गेले आहेत.

कप्तान साहेबांनी निवाडा दिला. "जीव तिचा आहे ना? मग चार पायांचा असणार. ओढा इथून फार लांब नाही. दुपारच्या जेवणापर्यंत पोचेल. तोवर तिला ओझं लावू नका."

"आणि नाही पोचला तर?" टे टे म्हणाले.

"तर तो तुमच्यासारखा असेल, टे टे. प्रत्येक मुक्कामाला शेवटी येणारा."

सगळे हसले, टे टे सोडून. त्यांनी माझ्यावर राग काढला. म्हणाले, पोटाखालचा दोर कालपासून पुरेनासा झालाय, तूच तुकडा तोडून झोळीला वापरला असशील. मी शपथेवर सांगतो की दोर मी तोडलेला नाही. या लढाईत माझ्या हातून अनेक वस्तू कमी झाल्या असतील, पण हा दोर नव्हे.

कलम सातवं. दोरा.

जीव पोचो न पोचो, मो पॉच्या कानाचा दोरा कुणी काढू नये. तो आपोआप गळून पडला पाहिजे. मी नसलो तर म्वीने तिच्या पायाशी बसून माझ्या नावानेही एकदा हाक मारावी. मी मागे राहायला फार सराईत आहे. सडकेच्या गवतात बसलेला असेन तर मला उठवायला कुणीतरी ओळखीचं लागेल. हे लिहिताना मी गंमत करत नाही.

कलम आठवं. राग.

मामावरचा राग मी कुणालाही देत नाही, मामालाच माफ करतो. त्याने ती माफी वाया घालवू नये. टे टेंवरचा राग मी विचार करून अर्धाच ठेवतो. अर्धा यासाठी की गेल्या पावसाळ्यात मला हिवताप आला होता तेव्हा तुकडीतलं शेवटचं औषध त्यांनी मला दिलं आणि हिशेबात उंदरांनी खाल्लं असं सांगितलं. उरलेला अर्धा राग मो पॉ पुढे चालणार का नाही ते ठरेपर्यंत माझ्याकडे राहील. ती चालली नाही, तर तोही सोडतो.

सरकारी शिपायांवर मला राग धरता आलेला नाही. मी प्रयत्न केला. दर वेळी मला त्यांच्या तोंडावरचा सरबताचा लाल रंग आठवतो.

जेवण झालं. भात, मिरची, मीठ. मो पॉ खात नाही. पाय आळीपाळीने उचलते आहे आणि बनाच्या आत आत सरकते आहे. हवालदार तिच्याबरोबर गेलेत. साहेबांनी ताट धुतलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बांबू तोडून ठेव. लांब तोड." म्हणजे निवाडा झाला. मी पुढे. मो पॉ मागे.

बांबू मी तोडलाय. चांगला सरळ मिळाला. त्याचं पोट पोकळ आहे, वाजवला तर आवाज येतो. मी थोडा वेळ वाजवला. मग हे लिहायला बसलो, कारण रिकामं बसलो की लोक माझ्याकडे बघतात.

एवढीच माझी मिळकत. गिटार होती, तिला तीन तारा होत्या, ती मागच्या नदीत गेली; ती नदीला दिली असं समजावं. यापूर्वी मी कुठेही, कुणालाही, विशेषतः सिनेमाच्या होडीवाल्याला, काही लिहून दिलं असलं तर ते रद्द आहे. वर लिहिलेलं वाचून पाहिलं. शुद्धलेखन सोडून सगळं खरं आहे.

ठिकाण: सडकेच्या पश्चिमेचं बांबूचं बन.
तारीख: शनिवार, ११ मार्च १९८९. दुपार.

सही: सॉ ल्हा के

साक्षीदार पहिले: कप्तान सॉ प्ले वा. (सही केली. "शेवटचं कलम लांबलंय," म्हणाले, पण केली.)

साक्षीदार दुसरे: हवालदार सॉ क्वे. (बनातून आले की करतील.)

हवालदारांची सही राहिली आहे. बनातून त्यांची आरोळी ऐकू आली, "ल्हा के! अरे ए ल्हा के! इकडे ये, पाणी आण, पोरांना लांब ठेव!" मला वाटलं सुरुंग. साहेबांनाही तसंच वाटलं, कारण ते माझ्या आधी धावले आणि धावताना माझा बांबू त्यांच्या पायाखाली मोडला. टे टेही धावले, हातात बंदूक उलटी धरून.

आता परत येऊन एवढंच लिहितो. साहेबांनी स्वतः गुडघ्यावर बसून मो पॉच्या पायांतली साखळी सोडली. टे टेंना म्हणाले, "तांदूळ माणसांच्या पाठीवर. वरच्या खिंडीतून जाऊ, तिकडे सुरुंग नाहीत, दोन दिवस जास्त लागले तर लागले. ती आणि ल्हा के इथेच राहतील." टे टेंनी अंगातला सदरा काढला होता. ते त्याने कुणालातरी पुसत होते. कारण मो पॉच्या पुढच्या दोन पायांच्या मधे, ओलं, केसाळ आणि आपल्याच सोंडेला घाबरलेलं एक पिल्लू उभं राहायचा प्रयत्न करतंय, आणि ती मुलगी आहे.